बस्त्यावकाकांचं आल्सास

बस्त्यावकाका लिफ्टमध्ये भेटले की "कसं काय" विचारत नाहीत. विचारतात, "तुझ्या आजीचे देश किती?"

समोरचा "एकच" म्हणाला की त्यांचा चेहरा पडतो. "आमच्या मार्लेनची आजी जर्मनीत जन्मली, फ्रान्समध्ये लग्न केलं, जर्मनीत विधवा झाली आणि फ्रान्समध्ये वारली. स्वयंपाकघर मात्र जन्मभर एकच! बाई जागची हलली नाही, हद्दच इकडून तिकडे गेली. हॉप्ला!"

काका मूळचे वसईचे. इथे ओंटारिओतल्या एटोबिकोत विमानदुरुस्तीत हयात गेली. मार्लेन ही त्यांची बायको, आल्सासची. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरचा, ऱ्हाईनकाठचा हा मुलूख दोन्ही देशांनी आलटून पालटून बळकावलेला. 'हॉप्ला' तिकडचाच शब्द. लिफ्ट आली तरी हॉप्ला, कप फुटला तरी हॉप्ला.

मी बेळगावचा, हे कळलं तेव्हा काकांनी मला मिठीच मारली. "म्हणजे सीमेवरचा! आमच्यातलाच की रे!" तेव्हापासून दर रविवारी माझ्याकडे कुगलहॉफ येतो. हा तिकडचा मनुका घातलेला, मधोमध भोक असलेला केक. काकांच्या हातचा हा केक चहाशिवाय घशाखाली उतरत नाही. तिकडे छपरावर करकोच्यानं घरटं केलं की घराचं भलं होतं म्हणे. म्हणून काकांनी बाल्कनीत प्लॅस्टिकचा करकोचा बांधला. कॉन्डोच्या सोसायटीची नोटीस आली, तेव्हा त्यांनी उलट मॅनेजरलाच त्याच्या आजीचे देश विचारले.

मार्लेनला मी पाहिलेलं नाही. मी इथे राहायला आलो त्याआधीच ती गेली होती.

गेल्या हिवाळ्यात लंडनहून, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या लंडनहून, माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती तिथे एका वृद्धाश्रमात काम करते. "दादा, आमच्याकडे एक आजी आहेत, ओडिल. इंग्लिश पार विसरल्यात. फ्रेंच बोललं तर जर्मनमध्ये ओरडतात, जर्मन बोललं तर फ्रेंचमध्ये. दोन घास खात नाहीत. आल्सासच्या आहेत म्हणे. तुझे ते काका येतील का?"

काकांनी सूट घातला. गाडीत बसल्यापासून एकदाही हॉप्ला म्हणाले नाहीत.

ओडिलआजी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. काका वाकून आल्सासच्या बोलीत काहीतरी बोलले. आजी गर्रकन वळल्या आणि कडाडल्याच. बोट नाचवत एकेक शब्द काकांकडून म्हणून घेऊ लागल्या. काका शाळकरी पोरासारखे खाली मान घालून म्हणत होते. मला वाटलं, उगाच आणलं यांना. तेवढ्यात बहिणीनं मला कोपरानं ढोसलं. रागावता रागावता आजी सूप पीत होत्या.

परतताना मी विचारलं,

"फार बोलल्या का हो, काका?"

"बोलली ना! म्हणे, तुझे उच्चार नदीपलीकडच्या जर्मनांसारखे आहेत. कुठल्या गाढवानं शिकवलं तुला?" काका हसले. मग चष्मा काढून रुमालानं पुसत बसले.

"मार्लेन सारखी टोकायची रे मला. जेवताना, फोनवर, चर्चमध्येसुद्धा. ती गेल्यापासून माझी चूक कुणी काढलीच नव्हती."

बाहेर बर्फ भुरभुरत होता. मी वायपर लावले. शेजारी काका एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होते, आजींनी सांगितला तसा.