राख झालेले व्यंकटराव

वालूरच्या शाळेतल्या व्यंकटराव गुरुजींची एकच प्रौढी. "अलंकार शिकवावा तर आमीच! आमच्या अतिशयोक्तीनं मेलेलाबी उठून बसंल!"

उठून बसणं राहू द्या. आधी मरणं आलं!

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जेवता जेवता त्यांनी बायकोला उपमा दिली, "रुख्मिणी, तुझी भाकरी म्हणजे चंद्र बघ. पण ग्रहणातला!" रुख्मिणीनं तवा चुलीवरच सोडला, पिशवी भरली आणि थेट पोखर्णीचं माहेर गाठलं.

पंधरा दिवस गुरुजी मुरमुऱ्यांवर. पोटात कावळे कसले, गिधाडं ओरडायली! 'चुकलो, ये' एवढं पोस्टकार्डावर लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण अलंकाराचा मास्तर साधं कसं लिहील? त्यांनी चार ओळी रचून कार्ड धाडलं:

व्यंकट गेला, देह जळाला,
उरली नुसती राख!
उठून बसेल पुन्हा, रुख्मिणी,
मार येऊन हाक!

पोखर्णीत सासरे लिंबाजीराव निरक्षर. पोस्टमननं दारातच मोठ्यानं वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि सासूबाई धुरपताबाईंनी असा हंबरडा फोडला, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं! मरणाचं कार्ड घरात ठेवायचं नसतं. लिंबाजीरावांनी ते हिसकून टराटरा फाडलं.

"अहो, खाली अजून लिवलंय!"

"पुरं कर, बाबा! आता ह्याच्या खाली काय राहिलंय?"

इकडं गुरुजी हिशोबानं, डोक्याला तेल थापून ओट्यावर बसलेले. कार्ड पोचलं असणार, दुपारच्या एसटीनं बायको येणार! आली ती जीप. आत चौदा माणसं, बाया ऊर बडवायलेल्या. गुरुजी ताडकन उठले. सासरवाडीत कोण गेलं? अशा वेळी जावयानं मागं राहून चालतं होय! धावत जाऊन त्यांनी सासऱ्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.

"मामा! कसं झालं ओ हे?"

"काय सांगू बाबा, आमचा जावई..." लिंबाजीरावांनी मान वर केली आणि उभ्या उभ्या खांबासारखे कोसळले! धुरपताबाई किंचाळत जीपखाली शिरल्या. ड्रायव्हर जीप टाकून पळाला, तो म्हणे सेलूतच थांबला!

"मामा, ती अतिशयोक्ती होती!" गुरुजी ओरडले.

लिंबाजीराव शुद्धीवर आले ते कडाडतच. "पाच गावांत सांगावा धाडलाय! माणसं यायलेत रडायला! त्यांना काय अतिशयोक्ती वाढू?"

जीपखालून आवाज आला, "जावयाला कावळा शिवला म्हणा! गंडांतर टाळायला मरणाची खोटी वर्दी देली म्हणा!"

सगळ्यांनी माना डोलवल्या. राहिली रुख्मिणी. रडून तिचे डोळे सुजले होते.

"खालच्या ओळींत काय होतं?"

गुरुजींनी चालीवर म्हणून दाखवल्या.

"आन् भाकरीची माफी?"

"ती... ओळीत बसली न्हाई."

रुख्मिणीनं पदर खोचून चूल पेटवली. पहिली भाकरी गुरुजींच्या ताटात आली. एका अंगानं कोळसा!

"कशी झालीय?"

जीपमधली सगळी माणसं टक लावून बघायलेली. गुरुजींच्या जिभेवर तीन उपमा आल्या. त्यांनी तिन्ही गिळल्या.

"लय गोड झालीय!"

"हा कोणता अलंकार?"

गुरुजी चावत राहिले. नाव ठाऊक होतं. पण एका दिवसात एकदा मरणं पुरे!