पाहनार कोन?

मुनीरभाईंच्या स्टुडिओत गिऱ्हाईक शिरतं आणि फोटोचा भाव विचारतं. मुनीरभाई उलट विचारतात, "पाहनार कोन?"

गिऱ्हाईक गोंधळतं. साइझ कोणती, प्रती किती, याची उत्तरं त्यानं तयार ठेवलेली असतात. पाहणार कोण, याचा विचार त्यानं केलेला नसतो. मुनीरभाई पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत बसून राहतात. उत्तर मिळाल्याशिवाय भाव नाही.

दिग्रसच्या बसस्टँडमागे त्यांचा स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. माझा भाव पानाला दोन रुपये. मृत्यूचा दाखला असो की लग्नाची पत्रिका, मशीनला फरक पडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पडत नाही. बावीस वर्षांत मी अर्ध्या तालुक्याच्या जन्मांच्या, जमिनींच्या आणि भांडणांच्या प्रती काढल्या. वाचली त्यातली एक. तिचं पुढे येईल. बायको म्हणते, तुमच्यात आणि मशीनमध्ये फरक एवढाच, की मशीन निदान गरम तरी होतं.

मुनीरभाईंचं तसं नाही. अर्जाला लावायचा फोटो असेल तर म्हणतात, "बाबू पाहते, तेही पिन मारताना. आठचे चाळीस द्या." निवडणुकीला उभा राहिलेला माणूस बॅनरसाठी आला, तर, "सारं गाव पाहीन, पन नाइलाजानं. पंधराशे." सगळ्यात महाग फोटो लग्नाच्या बायोडेटाचा. त्याचे ते तीन हजार सांगतात आणि एक रुपया सोडत नाहीत. एका वधुपित्यानं त्यावरून वाद घातला तेव्हा मी मध्ये पडलो होतो. मला म्हणाले, "एकच जन पाहते विजूभाऊ, पन जीव लावून पाहते. त्याचेच तं पैसे हायेत."

माझ्या पन्नाशीला मी हौसेनं फोटो काढायला गेलो. पाहणार कोण, तर बायको, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, भाभी रोजच पाहते म्हणाले, आणि वीस रुपये घेतले.

ते कोणाला 'हसा' म्हणत नाहीत. लाइट लावतात, कॅमेऱ्यामागे जातात आणि सांगतात, "जो पाहनार हाय, त्याच्याकडे पाहा." परदेशी निघालेल्या मुलाची आई हे ऐकून अशी बघते की फोटो पाहणाऱ्याला तिकीट रद्द करावंसं वाटावं. बॅनरवाल्यानं मतदाराकडे पाहायचा प्रयत्न केला, तर चेहरा हातउसने मागणाऱ्यासारखा आला. तोच बॅनरवर लागला.

त्यांचा मुलगा जावेद याच धंद्यात तयार झाला. त्याला पॅकेज काढायचं होतं: लग्नाआधीचं शूटिंग, ड्रोन, अल्बम, सगळ्याचा मिळून एक आकडा. मुनीरभाईंचं म्हणणं, पॅकेजमध्ये पाहणारा कुठे आहे? बापलेकांचं हे भांडण मी वर्षभर भिंतीपलीकडून ऐकलं. शेवटी चार वर्षांपूर्वी जावेद बायकोला घेऊन पुण्याला गेला. तिकडे त्याला मुलगी झाली, हे मुनीरभाईंना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. फोन दोघांकडे आहेत. लावत कोणी नाही. मी एकदा विषय काढला तर मुनीरभाई लेन्स पुसत म्हणाले, "त्यानं लावला तं मी उचलतो." जावेदही पुण्यात कोणाला तरी हेच सांगत असणार. वाण एकच आहे.

मागच्या वर्षी माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान, सुधाकरराव, यांनी आर्णीला मिरची पावडरचा कारखाना टाकला. पाकिटाचा फोटो हवा होता. घरचं काम म्हणून मी त्यांना मुनीरभाईंकडे नेलं. ही माझी चूक.

मुनीरभाईंनी विचारलं, पाहनार कोन? साडभाऊ उत्साहात म्हणाले, महिन्याला पाच हजार घरं! मुनीरभाई हिशेबाला बसले. पाच हजार घरं, दोन वेळचा स्वयंपाक, घरात बाया दोन, महिन्याचे दिवस तीस. आकडा लाखाच्या वर गेला तसा साडभाऊंना घाम फुटला. मग मुनीरभाईंनाच आठवलं, की फोडणी टाकताना बाई भाजीकडे पाहते, पाकिटाकडे नाही. भाव दोन हजारांवर आला.

एवढ्यावर मिटलं असतं. पण घाम पुसता पुसता साडभाऊंचं लक्ष मुनीरभाईंच्या दाढीकडे गेलं. लाल पाकिटावर ही पांढरीशुभ्र दाढी काय उठून दिसेल, म्हणाले. पाकिटावर हाच चेहरा पाहिजे. बोला, याचे किती?

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांचा भाव करणारा माणूस स्वतःच्या चेहऱ्यावर अडला. दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी साडभाऊ माझ्या दुकानात आले तेव्हा मुनीरभाईंनी तिथंच येऊन भाव सांगितला, पण नजर माझ्या झेरॉक्स मशीनकडे ठेवून.

"आर्णी, दिग्रस, पुसदमंधी इकत असान, तं पाच हजार. यवतमाळपर्यंत गेलं तं तीन." मग हळूच विचारलं, "पुन्यात जाईन काय हे?"

"गेलं तर?" साडभाऊंनी विचारलं.

"तं फुकट."

साडभाऊंनी नागपूरच्या एका फोटोग्राफरला आधी विचारून ठेवलं होतं. त्यानं जितकी गावं जास्त तितका भाव जास्त, असं सांगितलं होतं. इथं सगळं उलटं. पण व्यापारी माणूस उलट्या हिशेबातही फायदा ओळखतो. "पुण्यात तर जाणारच," ते ताबडतोब म्हणाले. त्यांचा टेम्पो पुसदच्या पुढे जात नाही, हे मला माहीत होतं. मी एक पान मशीनमध्ये उगाच सरळ केलं.

फोटो त्याच दुपारी काढला. लाइट मुनीरभाईंनीच लावला, स्टुलावर तेच बसले, बटण दाबायला मी. ते टोपी नीट करत होते, दाढी नीट करत होते, पुन्हा टोपी. शेवटी मी म्हणालो, "मुनीरभाई, जो पाहनार हाय, त्याच्याकडे पाहा."

हात तसाच राहिला. त्यांनी लेन्सकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

साडभाऊंना फोटो आवडला नाही. चेहरा तिखट वाटत नाही म्हणाले, असला चेहरा छापायचा तर गोडा मसाला काढावा लागेल. पण फुकट होता, म्हणून छापला.

पाकिटं आली तेव्हापासून मुनीरभाई रोज सकाळी शटर वर करताना विचारू लागले, पुन्यात खप कसा हाय? मी म्हणायचो, सुरू होऊन राह्यला. आठ दिवस म्हणालो. नवव्या दिवशी मला माझंच तोंड आरशात बघवेना.

मी वाचलेला एकुलता एक कागद म्हणजे जावेदच्या पुण्यातल्या भाड्याच्या घराचा करारनामा. जाण्याच्या आधल्या दिवशी त्यानं माझ्याकडेच झेरॉक्स काढली होती. पत्ता लक्षात राहिला होता. माझी मुलगी पल्लवी पुण्यात शिकते. दिवाळीची सुट्टी संपवून परत निघाली तेव्हा तिच्या बॅगेत चिवड्याखाली मी बारा पाकिटं घातली. जावेदच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान आहे, हे तिनं आधीच बघून ठेवलं होतं. तिथं ठेवायची, चेहरा रस्त्याकडे करून, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, बाबा, कुरिअर असतं. मी म्हटलं, कुरिअरवर पाठवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पाकिटं संपली. दुकानदार सांगत होता, एकाच माणसानं बाराही उचलली, नवीन माल कधी येणार ते विचारून गेला. कडेवर लहान मुलगी होती.

दुसऱ्या सकाळी शटर वर झालं. मुनीरभाईंनी रोजचं विचारलं.

"बारा गेली," मी म्हणालो. कडेवरच्या मुलीचं मी बोललो नाही. ते ज्याचं त्यानं सांगावं.

"किती जनायनं घेतली?"

"एकानंच."

ते लेन्स पुसत होते. पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले.

"एकच जन?" ते म्हणाले. "मंग विजूभाऊ, भाव चुकला आपला. हा फोटो लई महाग होता."