अखंड पट्टी की दोन तुकडे

कोणतीही वस्तू ज्यावर बसते, ते त्या वस्तूपेक्षा महत्त्वाचे असते. हा सिद्धांत मी गेल्या हिवाळ्यात मांडला. त्याआधी शिकारीच्या हंगामात, मोंटानातल्या आमच्या डोंगरात, एक एल्क माझ्यासमोर आडवा उभा राहिला होता आणि माझी गोळी त्याच्या पलीकडच्या पाइनच्या झाडाला लागली होती. (एल्क म्हणजे घोड्याएवढे हरीण. पाइन सडपातळ होता.) चौकशीअंती दोष माझा नसून, रायफलीवर दुर्बीण ज्या धातूच्या बैठकीवर बसवतात त्या बैठकीचा आहे, असे निष्पन्न झाले. चौकशी समितीत मी एकटाच होतो.

नवी बैठक घेणे आले. ती दोन प्रकारांत मिळते. अखंड पट्टी मजबूत, पण काडतुसे भरताना बोटांच्या आड येते. दोन सुटे तुकडे हलके, पण ते एका रेषेत राहतीलच याची हमी नाही (संसाराबाबतही तज्ज्ञांचे हेच मत आहे). शिवाय पोलादी की ॲल्युमिनियमची, हा प्रश्न उरतोच. इंटरनेटवर दोन्ही पक्षांच्या विद्वानांशी मी उन्हाळाभर वाद घातला. त्यांतल्या बहुतेकांनी बऱ्याच वर्षांत शिकार केली नव्हती. वेळ कुठे होता? शेजारचा ऑर्विल म्हणाला, कुठलीही घे आणि स्क्रू नीट आवळ. असल्या उथळ माणसाशी मी बोलणे कमी केले.

हंगाम उघडला तेव्हा माझी रायफल टेबलावर उघडी पडली होती आणि फ्रीजर रिकामा होता. माझी बायको मार्लिस तिच्या वडिलांची, दुर्बीण नसलेली जुनी रायफल घेऊन डोंगरात गेली. दुपारी परतली ती बाह्या रक्ताने माखलेल्या आणि गाडीत एल्क. मला आनंद झाला. तो चेहऱ्यावर यायला थोडा वेळ लागला.

मांस कापताना मी म्हटले, की दोन तुकड्यांबाबत माझे मत आता जवळजवळ पक्के होत आले आहे.

सुरी न थांबवता ती म्हणाली, "वॉरन, तुला बैठक नकोच आहे रे. ती मिळाली की जावं लागेल. आणि गेलास तर परत नेम चुकेल, याची धास्ती घेतलीयस तू."

मी मान खाली घालून मांस कागदात गुंडाळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात हाताला लागली ती बैठक आणली, स्क्रू आवळले, नेम तपासला आणि डोंगरात गेलो. एल्क दिसला. गोळी चुकली. या वेळी बैठकीत कसलाही दोष नव्हता. फार मोकळे वाटले.

तुम्ही हसत असाल. जरूर हसा. हसून झाले की, सकाळी पळायला जाण्यासाठी नेमके कोणते बूट घ्यावेत याचा तुमचा अभ्यास कुठवर आला, तेवढे कळवा.