घराचा अंगरखा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत एक घर कपडे घालते.

घर वसंतभाऊंचं. ते बांधकाम खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी शिंप्याची टेप घेऊन स्वतःच्या घराचं माप घेऊ लागले. छाती, कंबर, बाही! मी फाटकातून विचारलं, "भाऊ, कॉलर काऊन नाई?"

ते गंभीरपणे म्हणाले, "उन्हाळ्यात टोचते."

मे महिन्यात त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीवर जुन्या धोतरांचा पांढरा अंगरखा चढे. बांबूंवर, भिंतीपासून वीतभर सुटा. बटणं करवंटीची. भाऊ समजावत, "आंगाले चिकटला त् उकडन. मंधात हवा खेळली पाह्यजे. आपन दुपट्टा बांधून फिरतो, अन् घरानं काय उघडं बसाव?" थंडीत टिनाच्या छपरावर गोधड्या.

गल्लीला मी रोज नवा विनोद पुरवी. अंगरखा धुवायला टाकला की घर काय नेसतं? लोक हसत, मी खुले. आज आठवलं की कान तापतात.

मग एका मे महिन्यात माझ्या मुलीला पाहायला देवळीहून पाहुणे यायचे ठरले. मी भाऊंना म्हणालो, "एक दिवस हे सोंग उतरवा ना. पाहुने बिचकतीन."

ते आत गेले, काहीतरी बोलून बाहेर आले आणि बटणं काढू लागले.

पाहुणे भर दुपारी आले, पोहे-चिवडा खाऊन गेले. संध्याकाळी उरलेला चिवडा घेऊन मी भाऊंकडे गेलो. इतक्या वर्षांत प्रथमच आतल्या खोलीपर्यंत. एवढीशी खोली. पश्चिमेच्या भिंतीला हात टेकला, तर तवा! त्या भिंतीला लागूनच वहिनींची खाट. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत हे माहीत होतं. कूलरची ओली हवा त्यांना सोसत नाही, हे मात्र आज कळलं; मी कधी विचारलंच नव्हतं. भाऊ उशाशी उभे राहून पंच्याने वारा घालत होते. दुपारपासून.

"मले सांगाचं ना, भाऊ..."

"मी नाईच म्हनत होतो." भाऊंनी खाटेकडे मान वळवली. "हेच म्हने, काढा, लेकीचं काम आहे."

चिवड्याची ताटली कुठे ठेवावी कळेना. वहिनींचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्याच घाईघाईने बोलल्या, "भाऊजी, जमलं का जी आपल्या पोरीचं?"