मेहुण्याची स्पोर्ट्स कार आणि माझा सल्ला

कुणी मागितला नसताना सल्ला देण्याची माझी सवय जुनी आहे. पण त्या शनिवारी, अगदी शपथेवर सांगतो, तो माझ्याकडे मागितला गेला होता.

मागणारा माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. पंधरा वर्षं लोकांच्या जबड्यात वाकून पाहिल्यावर त्याला अचानक वाटलं, आता स्वतःसाठी काहीतरी करावं. त्याने स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं. मॉडेल पसंत होतं, रंग पसंत होता. घोडं एकाच गोष्टीवर अडलं होतं.

"भाऊजी, आयुष्यात एकदाच घेणार आहे. गिअरच्या दांड्याची घेऊ की पॅडलवाली?"

पॅडलवाली म्हणजे क्लच नसलेली. स्टिअरिंगच्या मागे डावीउजवीकडे दोन पातळ पट्ट्या असतात. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. हे मला त्यानेच सांगितलं, पण मी चेहरा असा ठेवला की जणू त्या पट्ट्या मीच बसवल्या होत्या.

मी हातातल्या वर्तमानपत्राची घडी केली. (मत देण्याआधी माणसाने कशाची तरी घडी करावी. मताला वजन येतं.)

"बोटांनी पट्ट्या ओढायच्या? ते ड्रायव्हिंग नाही, टायपिंग आहे," मी म्हणालो. "अरे, यंत्राचं मन ओळखावं लागतं. आमच्याच गाडीचं बघ. तिसरा गिअर सहा वर्षं पडत नाही. मी दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जातो. कुणाला कळतं तरी का?"

"सगळ्यांना कळतं," बायको इस्त्री करता करता म्हणाली.

तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. आता ती रोज आमची गाडी घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या लॅबमध्ये जाते हे खरं. पण ती नुसती ने-आण. ड्रायव्हिंग मी करतो, रविवारी.

"मग उद्या चला ना बरोबर," मेहुणा म्हणाला. "दोन्ही चालवून बघा. तुम्ही म्हणाल ती घेतो."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला उद्या ताप आला असता. मी विचारलं, "किती वाजता?"

शोरूममध्ये गाड्या दाखवायला एक चुणचुणीत बाई होत्या. मेहुण्याने ओळख करून दिली, "हे आमचे भाऊजी. ड्रायव्हिंगमधला शेवटचा शब्द." मी मान किंचित झुकवली. बायको सोफ्यावर बसून कॅटलॉग चाळू लागली.

पहिली पॅडलवाली. मी बसलो, म्हणजे खाली खाली जात एकदाचा सीटला लागलो. शेजारी बाई. मागे नावापुरती सीट होती, तिथे मेहुणा गुडघे हनुवटीला लावून बसला.

सरळ रस्त्यावर सगळं छान झालं. कारण मी काहीच केलं नाही, गाडी आपली आपण जात होती. मग आला चौक, मधोमध गोल बगीचा असलेला. डावीकडे वळायचं होतं. म्हणून डाव्या हाताने इंडिकेटर द्यायला गेलो आणि जे हाताला लागलं ते ओढलं.

गाडी अशी किंचाळली की बगीच्यातली कबुतरं उडाली.

"सर, तो गिअर होता," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. खाली घेतला. वळणावर घ्यावा लागतो," मी म्हणालो आणि घाईघाईत चूक निस्तरायला उजवी पट्टी ओढली. दोनदा. गाडी अंगात आल्यासारखी पुढे झेपावली, वळण मागे राहिलं आणि आम्ही बगीच्याभोवती पुन्हा फिरू लागलो. दुसऱ्या फेरीत मी इंडिकेटर शोधला तर वायपर सुरू झाले. तिसऱ्या फेरीला कडेला उभ्या असलेल्या एका आजोबांनी हात हलवून निरोप दिला.

"भाऊजी, शांत व्हा. जबडा सैल सोडा. श्वास नाकाने घ्या," मागून मेहुणा त्याच्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाला.

चौथ्या फेरीत बाईंनी स्वतः हात लांब करून इंडिकेटर दिला आणि आम्ही सुटलो.

शोरूमच्या अंगणात उतरल्यावर मी घाम पुसला. "बघितलंस? हेच म्हणत होतो मी. जिथे माणसाला काही काम नाही, तिथे घोटाळा होणारच. आता खरी गाडी बघ."

खरी गाडी तांबड्या रंगाची होती. तीन पेडल्स आणि मुठीत मावणारा गोल गुळगुळीत दांडा. हात ठेवताच बरं वाटलं. या वेळी बायकोही बाहेर येऊन उभी राहिली होती. शेजारी एक कुटुंब नव्या गाडीबरोबर फोटो काढत होतं, तेही थांबून बघू लागलं. गर्दी असली की मला हुरूप येतो.

गाडी सुरू केली. बंद पडली. पुन्हा सुरू केली. उंदराने टाळी वाजवावी तसा आवाज होऊन पुन्हा बंद पडली. पाचव्या वेळी बाई खिडकीशी वाकून म्हणाल्या, "सर, क्लच पूर्ण दाबा."

(क्लच पूर्ण दाबा! माझ्या कारकिर्दीत मला असं कुणी बोललं नव्हतं.)

मी ताडकन पाय दाबला, दांडा डावीकडे वर ढकलला, जिथे जगातल्या सगळ्या गाड्यांचा पहिला गिअर असतो, आणि ॲक्सिलरेटर देऊन ऐटीत पुढे बघितलं. पुढचं सगळं लांब जाऊ लागलं. बायको लांब गेली, मेहुणा लांब गेला, बाई धावत जवळ येऊ लागल्या, पण त्याही लांबच जात होत्या. या गाडीचा डावीकडे वरचा गिअर रिव्हर्स होता.

मागे चिनीमातीच्या चार मोठ्या कुंड्या होत्या. त्यातली एकच फुटली. मला तर एकच आवाज ऐकू आला. मेहुण्याने मात्र दोन्ही डोळे मिटून घेतले होते.

मी दार उघडून बाहेर आलो. मग बायकोने पर्स माझ्या हातात दिली आणि बाईंना विचारलं, "मी एकदा बघू का?"

"अगं, ही आपली गाडी नव्हे," मी म्हणालो.

"दिसतंय," ती म्हणाली.

ती बसली, मेहुण्याला शेजारी घेतलं. गाडी मांजरासारखी फाटकातून बाहेर पडली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक गिअर बदलल्याचा सूर अंगणात ऐकू येत होता, झटका एकही नाही. मी पर्स आणि फुटकी कुंडी सांभाळत उभा होतो. दहा मिनिटांनी ती परत आली आणि गाडी मागे घेत कुंड्यांच्या रांगेपासून वीतभर अंतरावर उभी केली.

मेहुण्याचा चेहरा फुलला होता. "हीच घेतो! ताई मला शिकवणार आहे."

घरी येताना आमची गाडीही तीच चालवत होती. दुसऱ्यानंतर तिने सहज दांडा वर सरकवला. तिसरा गिअर पडला.

मी उडालोच. "हा... हा कधी दुरुस्त केलास?"

"बिघडला कधी होता? तुम्ही क्लच अर्धाच दाबता."

"मग सहा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही लोकांना इतक्या आनंदाने सांगायचात," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "म्हटलं, असू दे."

खरं सांगायचं तर राग आला नाही. कुणीतरी सहा वर्षं आपली लाज झाकत होतं, हे कळल्यावर माणूस खिडकीबाहेर बघतो. मीही बघितलं.

चार दिवसांनी ऑफिसात फोन आला. शोरूमच्या बाई. कुंडीबद्दल असेल म्हणून मी उठून जिन्यात गेलो.

"सर, गिअरवाली गाडी महिनोन्‌महिने पडून राहते हो. त्या दिवशी ते फोटो काढणारं कुटुंब होतं ना, त्यांच्यातल्या एका भावाने लगेच तशीच दुसरी बुक केली. म्हणून दर रविवारी प्रात्यक्षिक ठेवायचं म्हणतोय. तासभर. येऊ शकाल?"

माझी छाती फुगली. शेवटी पारख असणारी माणसं असतातच. "येईन की! पण मिसेसना कशाला त्रास, मी एकटाच पुरेसा आहे."

"नाही नाही सर, मॅडम तर हव्यातच. चालवायचं त्यांनीच," बाई घाईने म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्यांच्या आधी पाच मिनिटं चालवा. म्हणजे लोकांना फरक कळतो. आणि सर, कुंड्या आम्ही या वेळी प्लॅस्टिकच्या ठेवतोय."