गाडी बघण्याचा कार्यक्रम

गिऱ्हाईक फाटकातून आत आलं आणि गाडी बंद पडली.

तोवर ती शेडमध्ये शहाण्यासारखी चालू होती. चौकात चष्म्यांचं दुकान असल्यामुळे सगळे ज्यांना चष्मेवाले म्हणत, त्यांच्या वडिलांनी घेतलेली ही गोल पाठीची, दुधी रंगाची गाडी. चष्मेवाल्यांनी तिला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. पण बायकोला शेडमध्ये शिवणाचा क्लास काढायचा होता. शिलाई मशिनं येऊन हॉलमध्ये उभीही राहिली होती, आणि त्यांच्यातून वाट काढता काढता चष्मेवाल्यांचे दोन्ही गुडघे सोलून निघाले होते. शेवटी त्यांनी गाडी विकायला होकार दिला. त्यांनी तो फिरवायच्या आत बायकोने गिऱ्हाईक शोधलं आणि आदल्या दिवशी दुपारभर बसून गाडीला असं काही पॉलिश केलं, की तिच्यात बघून भांग पाडावा.

गिऱ्हाईक म्हणजे चीफसाहेब. जन्मभर बोटीवर इंजिनं सांभाळून नुकतेच रिटायर झालेले, आणि आज पांढराशुभ्र शर्ट घालून आलेले.

"काळजी करू नका," चष्मेवाले म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी एवढंच लागतं, तेव्हा चोर या तिघांतलाच एक, असं त्यांनी चीफसाहेबांना समजावलं. चीफसाहेबांनी हे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावली. प्लग काढून पाहिला, ठिणगी झकास होती. हवेची जाळी साफ होती. कार्बोरेटर मात्र कोरडा ठणठणीत. मग टाकीतून पेट्रोल ओढणारा छोटा पंप पाइपातून सोडवून खोलला गेला. त्याचे भाग मांडायला जागा हवी, म्हणून चष्मेवाल्यांनी घरातून एक टेबल आणलं. ते क्लाससाठी आलेलं कटिंगचं कोरं टेबल आहे, हे बायको बाहेर आल्यावर त्यांना कळलं. तोवर टेबल कोरं राहिलं नव्हतं.

पंप पुसून परत बसवला आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं.

"पंपच होता," चष्मेवाले छाती फुगवून म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो." पहिला हात त्यांनी प्लगला घातला होता, पण कुणी आठवण करून दिली नाही. चीफसाहेब शांतपणे सीटवर बसले, आरसा नीट केला, आणि इंजिन गप्प झालं.

आता चीफसाहेबांनी बाह्या सरसावल्या. पंपाचा काही दोष नाही, पाइपात कचरा आहे, असं त्यांचं ठाम मत पडलं. त्यांनी पाइप सोडवून गाल फुगवून फुंकर मारली. तोंडात पेट्रोल गेलं, शर्टावर काळ्या तेलाचा पट्टा उमटला, पण गाडी पुन्हा सुरू झाली. या वेळी छाती चीफसाहेबांनी फुगवली. ती पुरती खाली येण्याआधीच गाडी परत बंद.

दोघांनी मग एकमेकांकडे बघणंच सोडलं. एकाने उजवीकडून आणि दुसऱ्याने डावीकडून बॉनेटखाली डोकं घातलं. बायकोला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण दोन शहाणी माणसं इतका वेळ खपूनही गाडी चालत नाही म्हणजे पेट्रोलच संपलं असणार, अशी तिची खात्री झाली. बघावं म्हणून तिने मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं.

लांबलचक फुस्स असा आवाज झाला. दोन्ही डोकी बॉनेटवर आपटून बाहेर आली.

चीफसाहेबांनी झाकण हातात घेऊन उजेडात धरलं. हवा आत जाण्यासाठी त्याला एक बारीक भोक होतं, आणि त्यात पॉलिश गच्च बसलं होतं. बाहेरून हवा मिळेना, तेव्हा टाकीने पेट्रोल धरून ठेवलं होतं. पाइप सोडवला की तिथून थोडी हवा आत जाई, तेवढ्यावर गाडी चाले, आणि दोघे आपापली पाठ थोपटून घेत.

"झाकणालासुद्धा पॉलिश?" चष्मेवाले म्हणाले.

"गिऱ्हाईक काय झाकण सोडून बघणार होतं?" बायको म्हणाली.

चीफसाहेबांनी टाचणीने भोक मोकळं केलं. गाडी सुरू झाली ती बंद पडायचं नावच घेईना. बराच वेळ तिघंही ऐकत उभी राहिली, आणि हळूहळू चीफसाहेबांचा चेहरा उतरत गेला.

"गाडी उत्तम आहे वहिनी," ते म्हणाले. "पण चांगल्या चालणाऱ्या गाडीचं मी करू काय? घरात सगळं नवंकोरं आहे. सकाळी उठतो, तर काही म्हणजे काही बिघडलेलं नसतं."

बायकोने क्षणभरच विचार केला. "डाव्या बाजूचं मागचं दार आतून उघडत नाही," तिने सुरुवात केली. "वायपर आला तर येतो. चढावर दुसरा गिअर सटकतो. आणि हॉर्न उजवीकडे वळतानाच वाजतो."

"दार मी मागच्या महिन्यात दुरुस्त केलंय," चष्मेवाले दुखावून म्हणाले. "आणि गिअर लाखात एक आहे."

"दार तुम्ही दुरुस्त केलंत," बायको म्हणाली, "तेव्हापासून ते बाहेरूनही उघडत नाही."

चीफसाहेबांनी जाऊन दार ओढून पाहिलं. ते हललं नाही. चेहऱ्यावर तेज आलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे गाडी घेतली.

ती फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावर गचका खाऊन थांबली. चीफसाहेब उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, आणि इतक्या लांबूनही दिसत होतं, की ते हसत आहेत.

चष्मेवाल्यांच्या हातात पान्यांची पेटी केव्हा आली ते त्यांनाही कळलं नाही.

"जरा बघून येतो," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

"सावकाश या," बायको म्हणाली, आणि पहिलं मशीन शेडकडे ढकलू लागली.