सुषमाच्या बोटांचा राखणदार

बायकोच्या तब्येतीची जबाबदारी मी स्वतःच्या अंगावर घ्यायचं ठरवलं आणि तिथूनच ती जास्त बिघडली.

सुषमाची बोटं आधीच सुजायची. सकाळी मूठ मिटेना, चहाचा कप धरवेना. डहाणूच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "संधिवाताचा प्रकार आहे. शरीरातली रोगाशी लढणारी शक्ती यांच्याच सांध्यांना शत्रू समजून झोडपतेय, म्हणून ही सूज. या गोळ्यांनी तिचा जोर कमी होईल."

मी 'कमी होईल'पाशीच अडकलो. (तलासरीच्या कचेरीत आवक-जावक सांभाळतो मी. जावक झाली की आवक दाखवायला नको?) अख्खं जग प्रतिकारशक्ती वाढवतंय, आणि आम्ही कमी करायची?

मग मी गुपचूप भरपाई सुरू केली. शेजारच्या नवशीकाकीच्या कडुनिंबावरची गुळवेल, हळद, मिरी, शिवाय टीव्हीवरची ताकदीची पावडर.

"हे काय?"

"पित्तावरचं. पी गुमान."

"डॉक्टरबाईंना विचारलंत?"

"घरच्या काढ्याला काय विचारायचं?"

तिला बरं व्हायची घाई होती, म्हणून बिचारी प्यायली. गंजाडला माझ्या पुतणीचं, दक्षाचं, लग्न होतं. आमच्यात सवासिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि दक्षाचा हट्ट होता, "चौक काकीच्याच हातचा." सुषमाने शब्द दिला होता. तिच्या रेघेला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

सूज मनगटावर चढली. मी काढा वाढवला. तिला केस विंचरता येईनात, तेव्हा वेणीही मीच घातली. नवशीकाकीने ती बघून विचारलं, "कुणाशी मारामारी केलीस गं?" सुषमा हसली नाही. भिंतीकडे तोंड करून रडली.

शेवटी डॉक्टरबाईंपुढे मी सगळं ओकलो.

"अहो, मी आत मारामारी सोडवतेय, आणि तुम्ही मागून काठ्या पुरवताय?"

"लग्नापर्यंत हात चालतील ना?"

"नाही. गोळ्यांना वेळ लागतो. आणि काढा आजपासून बंद."

चौक दुसऱ्या बायकांनी लिहिला. सुषमा पदराखाली हात लपवून बघत बसली. एकदाच पुटपुटली, "कोपऱ्यात रेघ वाकडी गेली." मला भयंकर वाईट वाटलं. म्हणून मी तिच्याभोवती पहाराच दिला. पोरं हाकलली, उशी आणली, गरम पाणी आणलं, पाया पडणाऱ्यांना लांबूनच पडायला लावलं. तेवढ्यात अंगाला हळद लागलेली कुणीतरी धावत आली आणि तिने सुषमाचे हात धरायला हात पुढे केले.

"ए, लांब हो! हाताला शिवू नकोस!" मी ओरडलो.

ती दक्षा होती. नवरीच रडायला लागली.

"अहो, ती आपलीच आहे," सुषमा थकून म्हणाली. मग दक्षाला जवळ ओढून मला म्हणाली, "पुढच्या वेळी डॉक्टरबाईंना विचारा, तुमचा जोर कमी करायची गोळी मिळते का."

मी मान डोलावली आणि तिला गार वारा लागू नये म्हणून शाल आणायला धावलो. (मे महिना होता.)